टाळ्या पडतात तिथेच खटला पडतो

गुन्हेगारी मालिकेच्या शेवटच्या भागाकडून आपल्या अपेक्षा ठरलेल्या असतात. खुनी सापडावा, त्याने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगावं आणि जमलंच तर कुणीतरी त्याच्या कानाखाली एक काढावी. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सीआयडी'ने हा धडा वीस वर्षं आपल्याकडून गिरवून घेतला. त्यातल्या इन्स्पेक्टर दयाची थप्पड, आरोपीचं रडत रडत सगळं ओकणं आणि एसीपी प्रद्युम्नांनी दिलेली फाशीची हमी, एवढ्यात गोष्ट आटोपायची. न्यायाधीशाची त्या गोष्टीत गरजच नव्हती.

मी सरकारी वकील होते. निवृत्त होईपर्यंत पश्चिम महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांत खुनाचे, हुंडाबळीचे, दरोड्याचे खटले चालवले. मालिका जिथे संपते, तिथून माझी नोकरी सुरू व्हायची. त्यामुळे कबुलीवर संपणाऱ्या शेवटच्या भागांवर माझा जुना राग आहे. असा शेवट प्रेक्षकाला न्याय मिळाल्याचं समाधान देतो आणि न्याय नेमका कशाने बुडतो, ते मात्र झाकून ठेवतो. एका मालिकेने ते झाकलं नाही. तिचं नाव 'ब्रॉडचर्च'. तिचं रहस्य मी आता फोडणार आहे. पण ती २०१३ ची आहे आणि एवढ्या वर्षांनी रहस्य फोडल्याचा गुन्हा मुदतबाह्य ठरावा.

'ब्रॉडचर्च' हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट परगण्यातलं काल्पनिक गाव. पिवळसर उभे कडे, खाली वाळूचा किनारा, सगळे एकमेकांना ओळखणारे. तिथे डॅनी लॅटिमर या अकरा वर्षांच्या मुलाचा मृतदेह किनाऱ्यावर सापडतो. तपास दोघांकडे येतो. बाहेरून बदलून आलेला, तुसडा, आजारी अधिकारी ॲलेक हार्डी आणि त्याच गावात वाढलेली एली मिलर. एलीचा मुलगा टॉम हा डॅनीचा जिवलग मित्र, एली डॅनीच्या आईची मैत्रीण. डेव्हिड टेनंट आणि ऑलिव्हिया कोलमन यांनी या भूमिका केल्या, लेखन ख्रिस चिबनल यांचं. कोलमनला त्यासाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला.

पहिल्या पर्वाचे आठ भाग. आठव्याच्या सुरुवातीलाच हार्डी डॅनीच्या हरवलेल्या फोनचा सिग्नल पकडत एका घराच्या मागच्या शेडपर्यंत पोचतो. घर एलीचं. आत फोन हातात धरून उभा असतो तिचा नवरा जो. खुनी कोण, हे असं लवकर सांगून टाकल्यावर मालिकेकडे जवळजवळ पूर्ण भाग उरतो आणि तो चिबनल माणसांवर खर्च करतात. एलीला हे कोण सांगणार? लॅटिमर कुटुंबाला कोण सांगणार? तुरुंगात शिक्षा भोगून आलेला म्हणून ज्या वृत्तपत्र विक्रेत्या जॅक मार्शलच्या मागे गाव आणि वार्ताहर हात धुऊन लागले, ज्याने त्यापायी जीव दिला, त्याचा हिशेब कोण देणार?

या भागातला सर्वांत धारदार प्रश्न डॅनीची आई बेथ एलीला विचारते: तुला कळलं कसं नाही? हाच प्रश्न काही दिवसांपूर्वी एलीने दुसऱ्या एका बाईला, जिच्या नवऱ्याने पोटच्या मुलींवर अत्याचार केले होते तिला, पोलिसी तोऱ्यात विचारलेला असतो. आता तो तिच्याच दारात उभा राहतो. मी कोर्टात अशा बायका पाहिल्या आहेत. आरोपीची बायको, आरोपीची आई. सुनावणीच्या दिवशी त्या शेवटच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसतात आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी कुणी बसत नाही. त्यांच्याकडे बघणारी मालिका माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

पण माझा मुद्दा त्याच भागातल्या वेगळ्या प्रसंगाचा आहे. जो हार्डीपुढे कबुली देतो. नवऱ्याचं कृत्य कळल्यावर एली त्याला भेटायचं म्हणते. हार्डी भेटू देतो. जो पांढरा कागदी पोशाख घालून कोपऱ्यात बसलेला. एली दोन-चार वाक्यं बोलते आणि त्याच्यावर तुटून पडते, लाथांनी तुडवते. बाकीचे धावून तिला बाजूला करतात.

हे मी भाचीबरोबर पाहत होते. तिने सोफ्यावर बसल्या बसल्या टाळी वाजवली.

"केस गेली," मी म्हणाले.

"आत्या, तू पण ना! अगं, तिच्या नवऱ्याने मुलाचा खून केलाय. तिने दोन लाथा घातल्या तर काय बिघडलं?"

"बाई म्हणून काहीच नाही. पण ती तपासी अंमलदार आहे आणि तो पोलीस कोठडीतला आरोपी."

भाचीला हा वकिली कोरडेपणा वाटला. मग आम्ही २०१५ चं दुसरं पर्व लावलं. पहिल्याच भागात जो न्यायालयात उभा राहतो आणि सांगतो, गुन्हा कबूल नाही. बचाव पक्षाची वकील शॅरन बिशप त्याच्या अंगावरच्या जखमा पुढे करते. कोठडीत मार खाल्लेल्या माणसाचा कबुलीजबाब, तोही मारणारी त्याची बायको आणि तिला आत सोडणारा मुख्य तपास अधिकारी! न्यायाधीश कबुलीजबाब पुराव्यातून काढून टाकतात. (ती न्यायाधीश भारतीय वंशाची दाखवली आहे, मीरा स्याल यांनी केलेली.) मग बचाव पक्ष हार्डी-एली यांच्या संबंधांवर चिखल उडवतो, डॅनीच्या वडिलांवरच संशय वळवतो आणि शेवटी ज्यूरी जोला निर्दोष ठरवते. ब्रिटनमधल्या वकिलांनी या पर्वातल्या न्यायालयीन तपशिलांवर बरीच टीका केली आणि त्यातली पुष्कळशी मलाही पटते. पण मूळ गाभा खरा आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी आपण जिथे टाळी वाजवली, नेमक्या तिथेच सरकार पक्षाच्या हातून खटला निसटला होता. लेखकाने आपल्याला हवी असलेली लाथ दिली आणि पुढच्या पर्वात तिचं बिल हातात ठेवलं.

मुळात इंग्लंडमध्ये पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालते. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्याने अटी घातल्या आहेत. मुलाखत ध्वनिमुद्रित हवी, वकील मिळण्याचा हक्क हवा, आणि दडपशाहीने मिळवलेली कबुली बाद. या अटी का हव्यात, हे कटू अनुभवांनी दाखवलं आहे. १९७४ च्या बॉम्बस्फोटांसाठी 'गिलफर्ड फोर' आणि 'बर्मिंगहॅम सिक्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा जणांना जन्मठेप झाली, तिचा मोठा आधार पोलिसांनी वदवून घेतलेल्या कबुल्या होत्या. पहिले चार १९८९ मध्ये आणि दुसरे सहा १९९१ मध्ये निर्दोष सुटले. त्यांनी तुरुंगात घालवलेली वर्षं कुठल्याच निकालाने परत आली नाहीत, आणि स्फोट घडवणाऱ्यांवर त्या स्फोटांचा खटला चाललाच नाही.

आता जो मिलरला आपल्याकडे आणून पाहू. समजा, ब्रॉडचर्च कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर आहे. इथे एलीने त्याला बोटही लावलं नसतं, तरी हार्डीपुढे त्याने दिलेली कबुली न्यायालयासमोर आलीच नसती. आपल्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. आधी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. आकडा बदलला, नियम तोच. गंमत अशी की हा नियम इंग्रजांनीच केला. मद्रास इलाख्यात छळ करून कबुल्या काढण्याचे प्रकार १८५५ च्या चौकशी आयोगाने उघड केले, त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद आली आणि तिथून पुरावा कायद्यात गेली. घरच्या पोलिसांवर ठेवलेला विश्वास राज्यकर्त्यांनी इथल्या पोलिसांवर ठेवला नाही. स्वातंत्र्यानंतर आपणही तो ठेवला नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं.

मग कबुलीतलं काय उरतं? आरोपी म्हणाला, "कोयता कुठे टाकलाय ते दाखवतो," आणि खरंच तिथे कोयता निघाला, तर त्या शोधापुरतं त्याचं निवेदन चालतं. म्हणून आपल्या खुनाच्या खटल्यांत सगळी मदार निवेदन पंचनाम्यावर, जप्तीवर, पंचांवर आणि लाखेच्या सीलवर असते. हार्डी शेडमध्ये एकटाच शिरला. ना पंच, ना पंचनामा. फोन कुणी, कुठून, कुणासमक्ष जप्त केला? सील केव्हा लावलं? फोनमधल्या मजकुरासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आहे का? हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या निकालात सांगितलं, तो आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातून आलेला आहे. कुणीही बरा बचाव वकील हार्डीला उलटतपासात अर्धा दिवस उभा ठेवेल. हार्डीला त्याची सवय असावी. त्याचा सँडब्रूकचा आधीचा खटला अशाच कारणाने बुडालेला असतो. महत्त्वाचं लॉकेट त्याच्या बायकोच्या, म्हणजे सहकारी अधिकाऱ्याच्या, गाडीतून चोरीला गेलं होतं. मुद्देमाल खोलीऐवजी गाडीत ठेवलेला पुरावा! ते पाहून मला आमच्या मुद्देमाल कारकुनाची आठवण झाली. पावती हातात पडल्याशिवाय कपाटाची किल्ली न काढणारा तो माणूस मालिकेत कुणी घेणार नाही, पण त्याच्यामुळे शिक्षा टिकतात.

बांधाच्या वादातून झालेल्या एका खुनाचा खटला मला आठवतो. मृत मुलगा विशीतला. आरोपीने पोलिसांपुढे कबुली दिल्याची बातमी दुसऱ्या दिवशी ठळक छापून आली होती. कोयता उसाच्या फडातून जप्त झाला, पण पंच होता पोलीस ठाण्यासमोरचा चहावाला. उलटतपासात तो सांगून मोकळा झाला की फडात मी गेलोच नाही, सही ठाण्यातच केली. दुसरा पंच फितूर झाला. कोयत्यावरच्या रक्ताचा गट निश्चित करता आला नाही, असा प्रयोगशाळेचा अहवाल. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला. व्हरांड्यात त्या मुलाची आई मला आडवी आली.

"वकीलबाई, त्यानं पोलिसापुढं कबूल केलं हुतं की. मग सुटला कसा?"

मी सांगितलं, ती कबुली कोर्टाने वाचलीच नाही, कायद्याने ती वाचायचीच नसते. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग पेपरात कशाला छापली?"

तिला कायद्याचं ज्ञान नव्हतं, पण प्रश्न अचूक होता. कबुली म्हणजे निकाल, ही समजूत तिची एकटीची नव्हती. गावाने, वर्तमानपत्राने आणि दूरचित्रवाणीने मिळून ती तिच्या डोक्यात घातली होती. त्या समजुतीमुळे निर्दोष सुटकेचा एकच अर्थ उरतो: कोर्ट विकलं गेलं. आणि खरा प्रश्न, म्हणजे पंचनामा ठाण्यात बसून का लिहिला, हा कुणी विचारतच नाही.

कायद्याने या नियमाला जिथे अपवाद केला, तिथे काय झालं तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मकोका कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालते. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या पश्चिम मार्गावरच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. मकोका न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार पक्षाचा एक मोठा आधार होता कबुलीजबाब. न्यायालयाला त्यांत छळाच्या खुणा दिसल्या आणि वेगवेगळ्या माणसांच्या कबुल्यांमधला मजकूर संशय यावा इतका सारखा आढळला. सरकार अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. एकोणीस वर्षांनी मृतांच्या घरच्यांच्या हातात काय आहे? माणसं गेली आणि गुन्हेगार कोण, याचं उत्तर न्यायालयात टिकलं नाही. कबुलीने तपास लवकर संपल्यासारखा वाटला होता, एवढंच.

यावर मला नेहमी एक उत्तर ऐकावं लागतं: असे खटले वर्षानुवर्षं चालणार असतील, तर पोलिसांनी तिथल्या तिथे निकाल लावला तर काय वाईट? नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक मुलीवर बलात्कार करून तिला मारलं गेलं. ६ डिसेंबरला चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. नंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने, ज्याचे अध्यक्ष आपल्याकडचेच निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर होते, २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की गोळीबार मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून केलेला होता. ते चौघे गुन्हेगार होते की नव्हते, हे आता कुठलंच न्यायालय पुराव्यानिशी ठरवू शकणार नाही. फुलं उधळणाऱ्यांना त्याची रुखरुख वाटली नाही, कारण त्यांच्या मनात कबुली झालेलीच होती. एलीच्या लाथेला वाजलेली माझ्या भाचीची टाळी आणि ती फुलं यांच्यात अंतर फार आहे, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

तरी त्या टाळीमागचा संताप मी खोटा मानत नाही. तारखा पडतात, साक्षीदार म्हातारे होतात, अधिकाऱ्याची तिसरीकडे बदली होते आणि समन्स बजावायला पैरवी हवालदार दोन तालुके हिंडतो. पण त्यावरचा उपाय आरोपीच्या तोंडातून शब्द काढणं हा नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असंही म्हटलं आहे, आणि ते अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ठाण्यात बसून लिहिलेला पंचनामा त्या चित्रीकरणात उघडा पडेल. तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा पुरेशा मिळाल्या, तर कोयत्यावरचं रक्त कुणाचं, हे वेळेत कळेल. मतं मागायला येणाऱ्यांना आपण कडक शिक्षा किती देणार हे विचारतो. जिल्ह्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किती पदं रिकामी आहेत, हे विचारत नाही. शिक्षा होण्याशी दुसऱ्या प्रश्नाचा संबंध जास्त आहे.

मालिका लिहिणाऱ्या मराठी तरुणांना माझं सांगणं आहे की उलटतपासात जेवढं नाट्य आहे, तेवढं थपडेत नाही. चहावाला पंच पिंजऱ्यात उभा आहे, तपासी अंमलदार घामाघूम झालाय आणि मागच्या बाकावर दोन आया बसल्या आहेत, एक मेलेल्याची आणि एक मारणाऱ्याची. शेवटचा भाग तिथे नेऊन ठेवा. प्रेक्षक उठून जाणार नाही. 'ब्रॉडचर्च'चा प्रेक्षक दुसऱ्या पर्वात चिडला, पण बसून राहिला.

आणि वर्तमानपत्रांना, ज्यात हे आज छापून येतंय त्यालाही, एक मागणी. "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" ही ओळ छापताना कबुली कुणापुढे दिली ते त्याच ओळीत लिहा. पोलिसांपुढे असेल आणि मकोकासारखा अपवाद नसेल, तर ती न्यायालयात पुरावा ठरत नाही, हेही पुढच्याच वाक्यात लिहा. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, कायद्याप्रमाणे समज देऊन नोंदवली असेल, तर तसं लिहा. एवढी दोन वाक्यं वाढवली तर बातमी कमी चटकदार होईल, हे मान्य. पण उद्या आरोपी सुटला, तर मेलेल्याच्या आईला न्यायाधीशावर संशय घेण्याआधी पंचनामा मागून बघावासा वाटेल, आणि तो नीट लिहिलेला असावा, याचा धाक तो लिहिणाऱ्याला राहील.